‘परफेक्ट’ म्हणण्याआधी: पूर्णत्वाचा दावा तपासायची रीत

सोलापूरच्या चाटी गल्लीत कापड उलगडणारा म्हणतो, ‘परफेक्ट पीस.’ लग्नं जुळवणाऱ्या मावशी म्हणतात, ‘परफेक्ट स्थळ.’ शिकवणीच्या फलकावर ‘परफेक्ट स्कोअर’ असतो आणि प्रवचनात ‘पूर्ण पुरुष’. शब्द एकाच घरातले वाटतात, पण चौघांच्या हातातली मापं वेगळी असतात. ही मापं वेगवेगळी कशी काढायची ते खाली दिलं आहे. निबंध किंवा व्याख्यान लिहिताना, अभ्यासमंडळात चर्चा घेताना आणि घरात ‘हे बरोबर झालंच नाही’ असा वाद पेटल्यावरही ही रीत चालते.

लागणारं साहित्य थोडं आहे. वहीचं एक पान, तपासायचं एक वाक्य आणि शक्य असल्यास ज्या वस्तूबद्दल ते वाक्य आहे ती वस्तू. पहिल्या वेळी तास लागेल. हात बसल्यावर पंधरा मिनिटं पुरतात.

आधी शब्द बदलून बघा

वाक्य जसं बोललं गेलं तसं लिहा. सुधारून लिहू नका. मग ‘परफेक्ट’ खोडून त्या जागी एकामागून एक पाच शब्द घाला: निर्दोष, संपूर्ण, सर्वोत्तम, सिद्ध, तंतोतंत. ज्या शब्दाने वाक्य खोटं किंवा हास्यास्पद होतं तो शब्द काढून टाका.

हे पाच उगाच निवडलेले नाहीत. अ‍ॅरिस्टॉटलने ‘मेटाफिजिक्स’च्या पाचव्या भागात, सोळाव्या प्रकरणात, पूर्णत्वाचे तीन अर्थ सांगितले आहेत: ज्याचा एकही भाग बाहेर राहिलेला नाही ते, ज्याच्या जातीत त्याच्या वरचढ काही नाही ते, आणि जे आपल्या हेतूपर्यंत पोचलं आहे ते. आपले संपूर्ण, सर्वोत्तम आणि सिद्ध हे ते तीन. ‘निर्दोष’ आणि ‘तंतोतंत’ यांची भर मराठीसाठी घातली आहे, कारण रोजच्या बोलण्यात आपण बहुतेक वेळा या दोन अर्थांनीच ‘परफेक्ट’ म्हणतो. तंतोतंत म्हणजे नमुन्याशी धाग्याला धागा जुळणारं. मागाच्या गावात हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. पण नमुनाच चुकीचा असेल तर तंतोतंत नक्कलही चुकीचीच निघते, हे मात्र लक्षात ठेवावं लागतं.

त्याच प्रकरणात अ‍ॅरिस्टॉटल एक गमतीची गोष्ट नोंदवतो: आपण चोरालाही ‘परिपूर्ण चोर’ म्हणतो. मराठीने यासाठी वेगळा शब्दच काढून ठेवला आहे, अट्टल. तेव्हा पूर्ण म्हणजे चांगलं हे गृहीत धरू नका. आपल्या कामात तरबेज असणं आणि ते काम करण्याजोगं असणं या दोन वेगळ्या तपासण्या आहेत.

इथे हमखास होणारी चूक अशी: पाचही शब्द पानावर तसेच ठेवले जातात आणि बोलणारा एकावरून दुसऱ्यावर उडी मारतो. पुरावा ‘निर्दोष’चा देतो (‘बघा, एक डाग दाखवा’) आणि निकाल ‘सर्वोत्तम’चा लावतो. समोरच्यालाही ते पटतं, कारण मधली अदलाबदल त्याने पाहिलेली नसते. म्हणून पानावर शेवटी एकच शब्द उरायला हवा. फार तर दोन, आणि दोन उरले तर पुढची तपासणी दोनदा करायची.

कशासाठी?

उरलेल्या शब्दाखाली लिहा: ‘कशासाठी?’ उत्तर एका ओळीत मावलं पाहिजे.

ज्वारीच्या भाकरीवर हे सगळ्यात लवकर कळतं. ताटात वाढायची भाकरी टम्म फुगलेली, पापुद्रा सुटलेला, मऊ हवी. सोलापुरी कडक भाकरी पातळ थापलेली, पाणी पूर्ण उडालेली, हाताने मोडली की तुकडा पडणारी हवी. ओल राहिली नाही म्हणूनच ती डब्यात दिवसचे दिवस टिकते. मऊ भाकरीची यादी कडक भाकरीला लावली तर ती प्रत्येक कलमात नापास होते, आणि उलटही तसंच. दोन्हींचं पीठ एक आहे. फरक पडला तो हेतूमुळे.

शब्दांची मुळं याच बाजूला बोट दाखवतात. ग्रीक ‘तेलेइओस’ आला ‘तेलोस’वरून, म्हणजे शेवट, हेतू. लॅटिन ‘पर्फेक्टुस’चा अर्थ पार पाडलेलं. आपला ‘सिद्ध’ही साधण्यातून येतो. व्याकरणातला ‘पूर्ण वर्तमानकाळ’ आठवा: ‘मी जेवलो आहे’ हे वाक्य जेवण संपल्याचं सांगतं, आमटी कशी होती याबद्दल चकार शब्द काढत नाही. ‘कलंकरहित’ हा अर्थ या मुळांत नाही, पण आज डोक्यात पहिला तोच येतो.

‘कशासाठी’ला ‘सगळ्यासाठी’ असं उत्तर आलं तर तपासणी इथेच थांबवा. त्या वाक्यात तपासण्यासारखं काही नाही, ती जाहिरात आहे.

यादी बंद आहे की शिडी आहे?

‘संपूर्ण’ म्हणायचं तर यादी आधी बंद झालेली हवी. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी सोलापूरभोवती ६८ लिंगं स्थापन केली अशी परंपरा आहे. संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज त्यांच्या भेटीला निघतात. इथे पूर्णतेचा प्रश्न सोपा आहे. ६७ झाली तर प्रदक्षिणा अपुरी, ६८ झाली की पुरी. ६९ वं शोधायला कोणी जात नाही.

पत्रिकेतले ३६ गुण हीसुद्धा बंद यादी. वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७, नाडी ८, बेरीज ३६. आता नीट बघा: सगळ्यांना सारखं वजन नाही, आणि १८ जुळले तरी चालतात असं हीच पद्धत सांगते. म्हणजे ‘परफेक्ट मॅच’चा आग्रह पंचांगाचा नाही, आपला आहे. या आठ कलमांत मुलाचं व्यसन नाही, मुलीची नोकरी नाही, दोघांची मर्जीही नाही. यादी पूर्ण भरणं आणि यादी पुरेशी असणं यांतलं अंतर दाखवायला याहून सोपं उदाहरण सापडणार नाही.

धर्मातल्या पूर्णत्वाकडे वळलात की मात्र सावध व्हा. तिथे दिसते ती यादी बहुतेकदा शिडी असते, आणि शिडीवर बेरीज चालत नाही. वीरशैव-लिंगायत परंपरेतलं षट्‌स्थल, म्हणजे साधनेच्या सहा पायऱ्या घ्या: भक्त, महेश, प्रसादी, प्राणलिंगी, शरण, ऐक्य. सहापैकी पाच मिळाले म्हणून त्र्याऐंशी टक्के असा हिशेब तिथे निरर्थक आहे. थेरवाद बौद्ध परंपरेतल्या दहा पारमिता, म्हणजे पूर्णत्वाला न्यायचे गुण (दान, शील, नैष्क्रम्य, प्रज्ञा, वीर्य, क्षांती, सत्य, अधिष्ठान, मैत्री, उपेक्षा) या धड यादीही नाहीत आणि धड शिडीही नाहीत. प्रत्येक गुण वेगळा आणि प्रत्येक गुण पराकोटीला न्यायचा.

सर्वांत बारकाईची मांडणी जैन गुणस्थानांची, म्हणजे आत्म्याच्या शुद्धीच्या पायऱ्यांची आहे, आणि तिच्यावर थोडा जास्त वेळ घालवावा. पायऱ्या १४. चौथ्यावर सम्यक् दृष्टी येते, तेराव्यावर केवलज्ञान म्हणजे सर्वज्ञता, चौदाव्यावर देहाच्या हालचालीही थांबतात. खरी मेख अकराव्या आणि बाराव्या पायरीत आहे. अकरावी ‘उपशांतमोह’: मोह दबला आहे, संपलेला नाही. बारावी ‘क्षीणमोह’: मोह मुळातून गेला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच शांत दिसतात. पण अकराव्यावर पोचलेल्याची घसरण ठरलेली आहे, आणि मोह क्षीण करत जाणारा दहाव्यावरून थेट बाराव्यावर जातो, अकराव्याला शिवतसुद्धा नाही. गढूळ पाणी स्थिर ठेवलं की गाळ तळाशी बसतो आणि वरचं पाणी नितळ दिसतं. भांडं हललं की पुन्हा गढूळ. गाळून घेतलेल्या पाण्याचं तसं होत नाही. ही तपासणी अध्यात्माबाहेरही लावता येते. एखादा दोष ‘नाही’ असं लिहिण्याआधी विचारा, तो दबलाय की गेलाय? हिशेबाच्या वहीत शिल्लक जुळत नव्हती आणि ‘किरकोळ खर्च’ टाकून जुळवली, तर ती अकरावी पायरी.

दोष मोजायचे कसे

‘निर्दोष’ हा शब्द उरला असेल तर मोजायलाच हवं. कापडाच्या धंद्यात यासाठी चार गुणांची पद्धत जगभर वापरतात. दोषाची लांबी बघायची: ३ इंचांपर्यंत १ गुण, ३ ते ६ इंच २, ६ ते ९ इंच ३, त्यापुढे ४. एका वाराच्या लांबीत कितीही दोष असले तरी ४ पेक्षा जास्त गुण धरत नाहीत. मग १०० चौरस वारांमागे किती गुण पडले ते काढायचं. बरेच खरेदीदार ४० पर्यंत माल घेतात. इथे गुण म्हणजे अवगुण, हे नवख्याला आधी सांगून ठेवा.

एक चादर घेऊन करून बघा. ६० इंच रुंद, ९० इंच लांब धरली तर ५४०० चौरस इंच, म्हणजे साधारण ४.१७ चौरस वार. तिच्यावर दोन इंचांचा एकच दोष आहे, आडवा धागा सुटलेला: १ गुण, म्हणजे १०० चौरस वारांमागे २४. पास. तोच दोष चार इंचांचा असता तर २ गुण, म्हणजे ४८. नापास. दोन इंचांच्या फरकाने चादर बाहेर! हिशेब चुकलेला नाही, जागा चुकली. ही पद्धत लांबलचक तागे तपासण्यासाठी आहे, जिथे इथला दोष तिथल्या स्वच्छ कापडात वाटून जातो. एकट्या नगाला लावली की ती अवाजवी कडक होते. माणसांच्या बाबतीत आपण हेच करतो: वर्षभराच्या कामाला लावायचं माप एका दिवसाच्या कामाला लावतो.

आणखी एक नोंद. जगातली सर्वांत कडक म्हणून गाजलेली कारखानी पद्धत, मोटोरोला कंपनीत १९८६ मध्ये सुरू झालेली सिक्स सिग्मा, हीसुद्धा दहा लाख संधींमागे ३.४ दोष धरूनच चालते. शून्य तिथेही लिहिलेलं नाही.

वाङ्मयात हा वाद फार जुना आहे आणि अजूनही ताजा वाटतो. अकराव्या शतकातल्या मम्मटाने काव्याची व्याख्या करताना पहिली अट घातली ती ‘अदोष’ शब्दार्थांची. चौदाव्या शतकात विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त त्याला अडवलं: ही अट धरली तर काव्य सापडणंच मुश्कील होईल, रत्नाला किड्याने भोक पाडलं म्हणून त्याचं रत्नपण जात नाही. त्याची स्वतःची व्याख्या दोषाचा उल्लेखच करत नाही: रस ज्याचा आत्मा ते वाक्य काव्य. आमचं मत विश्वनाथाच्या बाजूने आहे. कवितेला चादरीचं माप लावणारा समीक्षक शुद्धलेखन तपासून घरी जातो.

चंद्राचा डाग मात्र दोन्ही बाजूंना साक्षीला येतो. ‘कुमारसंभवा’त हिमालयाचं वर्णन करताना कालिदास म्हणतो, गुणांच्या गर्दीत एखादा दोष बुडून जातो, चंद्रकिरणांत डाग बुडावा तसा. आणि पसायदानात ज्ञानेश्वर मागतात ते संत ‘चंद्रमे जे अलांछन, मार्तंड जे तापहीन’, म्हणजे डागच नसलेले चंद्र. कालिदास डाग पोटात घालतो, ज्ञानेश्वर डाग नकोच म्हणतात. यात विरोध दिसला तर मागे जाऊन ‘कशासाठी’ वाचा. कालिदास हिमालयाच्या बर्फाची तक्रार मिटवतोय, ज्ञानेश्वर सगळ्या जगासाठी दान मागतायत. मागताना हात आखडता कशाला घ्यायचा? पण आपल्याच लेखनाबद्दल बोलायची वेळ आली तेव्हा याच ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात श्रोत्यांना विनवलं की न्यून ते पुरतं आणि अधिक ते सरतं करून घ्या. उणंच नव्हे, जास्त झालेलंही दोषात धरलंय, ते वाचताना सुटतं.

वरचं टोक आहे का?

‘सर्वोत्तम’ उरला असेल तर विचारा, या गुणाला कमाल मर्यादा आहे का? वर्तुळ याहून जास्त गोल होऊ शकत नाही. तिखटाला असं टोक नाही. शेंगाचटणीत आणखी एक मिरची नेहमीच मावते.

अकराव्या शतकात अन्सेल्म या ख्रिस्ती धर्मपंडिताने देवाच्या अस्तित्वाचा युक्तिवाद याच शब्दावर उभा केला: ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही ते नुसतं कल्पनेत असेल तर त्याहून थोर कल्पिता येईल, म्हणून ते असलंच पाहिजे. गौनिलो नावाच्या साधूने लगेच विचारलं, मग सर्वोत्तम बेटही असलंच पाहिजे का? सोलापुरात हाच प्रश्न सर्वोत्तम हुरड्याबद्दल विचारता येतो. नेहमीचं उत्तर असं की बेटाला किंवा हुरड्याला टोक नाही, एक कणीस आणखी कोवळं कल्पिता येतं. अन्सेल्म बोलतोय ते टोक असलेल्या गुणांबद्दल. पुढे १७८१ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांटने मुळावरच घाव घातला: ‘असणं’ हा गुणच नव्हे, तो यादीत धरता येत नाही. चर्चेत इथे अर्धा तास सहज जातो. घड्याळ लावा.

गणितात परिपूर्ण संख्या आहेत आणि तिथे भांडण नाही. स्वतःला सोडून बाकी विभाजकांची बेरीज स्वतःएवढीच आली पाहिजे: ६ (१+२+३), २८, ४९६, ८१२८. विषम परिपूर्ण संख्या आजवर एकही सापडलेली नाही, आणि ती नसतेच हेही सिद्ध झालेलं नाही. उपनिषदातलं ‘पूर्णमदः पूर्णमिदम्’ यात ओढू नका. पूर्णातून पूर्ण काढलं तरी पूर्ण उरतं हे बृहदारण्यकातलं विधान वजाबाकीच्या पलीकडच्या पूर्णाबद्दल आहे. त्याला टोक शोधायला जाणं म्हणजे विहिरीत पट्टी घेऊन उतरणं.

मागणारा कोण?

पानाच्या समासात एक नाव लिहा: हे पूर्णत्व कोण कोणाकडून मागतंय? १९९१ मध्ये ह्युइट आणि फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी परिपूर्णतेच्या हट्टाचे तीन प्रकार केले: स्वतःकडून स्वतःची अपेक्षा, आपली दुसऱ्यांकडून, आणि ‘लोक माझ्याकडून मागतायत’ अशी समजूत. २०१९ मध्ये छापून आलेल्या करन आणि हिल यांच्या अभ्यासात, १९८९ ते २०१६ या काळात अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधल्या कॉलेजच्या विद्यार्थ्यांत तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, आणि तिसरा सर्वांत जास्त. हे आकडे जसेच्या तसे इथल्या मुलांवर चिकटवू नका. तिसरा प्रकार ओळखायची खूण मात्र इथेही तीच: समासात नाव लिहायला सांगितलं की ‘सगळेच’ असं उत्तर येतं. मग विचारायचं, सगळ्यांपैकी तिघांची नावं सांग. बऱ्याचदा एकच येतं, कधी तेही नाही.

समाजाबद्दलचं वाक्य असेल तर

आदर्श समाजाचा दावा तपासताना वरचं सगळं करूनही एक कलम उरतं: यात दुरुस्तीची सोय आहे का? टॉमस मूरने १५१६ मध्ये ‘युटोपिया’ बेट रेखाटलं. नावाचाच अर्थ ‘नसलेली जागा’. तिथे खाजगी मालमत्ता नाही, पण गुलाम आहेत. संत रविदासांच्या पदातल्या बेगमपुरा या कल्पित नगरात दुःख नाही, करही नाही. ‘नाही’ने बांधलेलं चित्र मागणी म्हणून जोरदार असतं, पण ते चालवायचं कसं ते त्यात लिहिलेलं नसतं, आणि म्हणून त्याला बांधकामाचा नकाशा समजू नये. तत्त्वज्ञ कार्ल पॉपरने १९४५ मध्ये हाच धोका दाखवला: संपूर्ण आराखडा हातात घेऊन निघालेला सुधारक आड येणाऱ्या माणसांनाच दोष समजू लागतो. त्यापेक्षा समोरचं एक दुःख धरा, उपाय करा, बघा, बदला. आपल्या राज्यघटनेत घटनादुरुस्तीचं कलम ३६८ हेच काम करतं. २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. त्या मोजून ‘घटना सदोष होती’ म्हणणारा पहिल्या पायरीवरच ‘निर्दोष’ आणि ‘सिद्ध’ यांत घसरलेला असतो.

निकाल लिहिताना ‘परफेक्ट’ शब्द परत येऊ देऊ नका. भरलेल्या पानाचा नमुना:

मूळ वाक्य: ही चादर परफेक्ट आहे.
उरलेला शब्द: निर्दोष.
कशासाठी: आहेरात द्यायला.
यादी: डाग, गाठ, तुटलेला उभा धागा, सुटलेला आडवा धागा, काठाची शिवण. बंद.
मोजणी: दोन इंचांचा एक दोष, आडवा धागा, काठापासून वीतभर आत.
दबलाय की गेलाय: दबलाय. घडीच्या आत आहे.
मागणारा: मुलीची आत्या.
नवं वाक्य: ही चादर अंथरायला उत्तम आहे; आहेरात द्यायची असेल तर घडी उलटी घाला, किंवा दुसरी बघा.